पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ऊब आणि ऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साप, सरडे, गेको (पालीच्या जवळचे सरडे), कासवं पाळणाऱ्यांना उबेबद्दल पडणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. सगळे आकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत. प्राणी आत्ता आजारी दिसत असेल, तर आधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. हे नंतर वाचता येईल.

खोली आधीच उबदार आहे. तरी वेगळी ऊब द्यावी लागते का?

बहुतेक प्राण्यांना लागते. आपलं शरीर अन्न जाळून स्वतःची उष्णता तयार करतं, साप-सरडे ती बाहेरून घेतात. त्यामुळे पचन, चपळाई, रोगाशी लढण्याची ताकद, जखम भरून येणं हे सगळं त्यांना मिळणाऱ्या उबेवर चालतं. २८ अंशांची खोली आपल्याला गरम वाटते, पण ४० अंशांच्या दगडावर बसून दिवस सुरू करणाऱ्या बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला ती गारच. अंग गार असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही, आतच कुजायला लागतं. साप असेल तर गिळलेलं भक्ष्य काही दिवसांनी अर्धवट अवस्थेत बाहेर टाकतो आणि त्यात त्याची ताकद खूप खर्ची पडते. म्हणून "खात नाही", "मंद झालाय", "शी होत नाही" अशी तक्रार आली की आधी विचारावं: पेटीत आत्ता किती तापमान आहे, आणि ते नेमकं कुठे मोजलं?

मग किती ठेवायचं? एक आकडा सांगा ना.

एक आकडा नसतो. कुणी एकच आकडा सांगून मोकळं झालं तर त्यावर विसंबू नका.

१९४४ साली रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांच्या तापमानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्राणी हवेचं तापमान निमूटपणे स्वीकारत नाहीत, ऊन-सावलीत ये-जा करून आपलं तापमान ठरावीक पट्ट्यात राखतात, हे त्यातून पुढे आलं. पेटीत आपल्याला हीच ये-जा शक्य करून द्यायची असते. एका टोकाला ऊन खाण्याची तापलेली जागा, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मधे उतरत जाणारी ऊब. किती तापायचं आणि कधी निवायचं हे प्राण्याने ठरवावं.

लपायची जागा दोन्ही बाजूंना हवीच. ती फक्त उबेकडे ठेवली तर भित्रा बॉल पायथन तापला तरी तिथून हलत नाही. फक्त गार बाजूला ठेवली तर तो आठवडेच्या आठवडे गारठ्यात पडून राहतो, आणि आपल्याला वाटतं त्याला तिथेच आवडतं. पेटी फार लहान असेल तर उतार तयारच होत नाही, सगळीकडे सारखं तापतं. अशा वेळी दिवा बदलून काही साधत नाही, पेटीच मोठी घ्यावी लागते.

नेहमी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी साधारण किती?

प्रौढ, निरोगी प्राण्यांसाठी सुरुवातीला धरायचे आकडे असे:

बिअर्डेड ड्रॅगन: ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२, गार बाजू २२ ते २६.
लेपर्ड गेको: उबदार लपणाची जमीन ३१ ते ३४, गार बाजू २२ ते २५.
कॉर्न स्नेक: उबदार जागा ३० ते ३२, गार बाजू २२ ते २४.
बॉल पायथन: उबदार जागा ३२ ते ३४, गार बाजू २४ ते २६.
रेड-इअर्ड स्लायडर कासव: ऊन खाण्याचा फलाट ३२ ते ३५, पाणी २४ ते २६. अगदी लहान पिल्लांना पाणी थोडं अधिक कोमट.
युरोमॅस्टिक्स (वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा): ऊन खाण्याच्या दगडाचा पृष्ठभाग ४५ ते ५०.
क्रेस्टेड गेको: दिवसा २२ ते २६.

शेवटचे दोन मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. युरोमॅस्टिक्स ज्या दगडावर आनंदाने पसरतो, तो क्रेस्टेड गेकोचा जीव घेईल. क्रेस्टेड गेकोला २८-२९ च्या वर बराच वेळ राहावं लागलं तरी त्रास सुरू होतो. "सरडा म्हणजे उष्णता आवडणारच" असं धरून चालल्यामुळे हे गेको नाहक मरतात. आपल्या प्राण्याची नेमकी जात ओळखल्याशिवाय दिवा विकत घेऊ नका.

थर्मामीटर पेटीवर चिकटवलाय, तो ३२ दाखवतो. पुरेसं आहे ना?

काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, तेही बऱ्याचदा चुकीचं. प्राणी काचेवर बसत नाही. तो बसतो त्या जागी, त्याच्या पाठीच्या उंचीवर किती उष्णता पोचते, हे कळायला हवं.

दोन साधनं घ्या. हवेसाठी वायर असलेले डिजिटल प्रोब थर्मामीटर (प्रोब म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग), एक उबेकडे आणि एक गार बाजूला. दगड, फळी, फरशी यांच्या पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड टेम्परेचर गन. गन वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. गन त्याच्याभोवतीच्या वर्तुळाची सरासरी मोजते आणि जितकं लांब जाल तितकं ते वर्तुळ मोठं होतं. म्हणून वीत-दीड वीत अंतरावरूनच मोजा. काचेतून मोजलंत तर काचेचं तापमान येईल, जाळीतून मोजलंत तर जाळीचं त्यात मिसळेल. चकचकीत पृष्ठभागावरही आकडा फसवा येतो.

दिवा लावल्या लावल्या मोजून उपयोग नाही. जाड दगड तापायला वेळ घेतो. दीड-दोन तासांनी, आकडा चढायचा थांबल्यावर मोजा. दगडाचा मध्य, त्याच्या कडा आणि प्राणी चढून बसू शकेल अशी सगळ्यात उंच जागा, सगळं तपासा. शेवटची जागा हमखास राहून जाते. व्हेल्ड कॅमेलिऑन दिव्याखालच्या जाळीला लटकून वर जातो आणि त्याच्या डोक्यावरचा तुरा भाजतो. खालच्या फांदीवर मात्र गन व्यवस्थित ३० दाखवत असते.

ऊन खाण्याच्या जागेसाठी कोणता दिवा चांगला?

दिवसा जागे असणाऱ्या बहुतेक सरड्यांना आणि कासवांना साधा, पांढऱ्या प्रकाशाचा हॅलोजन फ्लडलाइट उत्तम. सूर्याच्या उष्णतेतला बराच भाग दिसणाऱ्या प्रकाशाला लागून असलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा असतो. ते त्वचेच्या आत थोडे खोल पोचतात आणि नुसता वरचा थर तापवत नाहीत. साधनांमध्ये हॅलोजन याच्या सगळ्यात जवळ जातो. सिरॅमिक हीटर (दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारा, उजेड न देणारा हीटर) आणि हीट मॅट (पेटीच्या तळाखाली लावायची तापणारी चटई) मुख्यतः लांब तरंगलांबीची ऊब देतात, ती वरच्यावर शोषली जाते. खोली किंवा पेटी गरम राखायला ती ठीक, उन्हाची जागा ती घेऊ शकत नाही. डीप हीट प्रोजेक्टर या दोघांच्या मधला, आणि तो उजेड देत नाही.

दिव्याचा झोत अरुंद नसावा. सरड्याचं निदान धड पूर्ण झोतात बसलं पाहिजे. मोठ्या सापावर किंवा कासवावर एकच टोकदार झोत पडला तर पाठीचा एक तुकडा भाजेपर्यंत तापतो आणि बाकी अंग गारच राहतं. अंग तापलं नाही म्हणून प्राणी आणखी वेळ तिथेच बसतो, आणि भाजणं वाढतं. अशा प्राण्यासाठी एका जबर दिव्यापेक्षा शेजारी-शेजारी दोन कमी वॅटचे दिवे बरे.

वॅटचा आकडा कुणाला विचारू नका. पेटीची उंची, जाळी, खोलीचं तापमान यांवर तो ठरतो. दिवा थोडासा जवळ आणला तरी उष्णता झपाट्याने वाढते, म्हणून आधी लांबून सुरू करा, मोजा, मग जवळ आणा.

घरात पक्षीही असतील तर दिव्याच्या काचेवर टेफ्लॉनचा लेप नाही ना, हे बघून घ्या. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारतो.

थर्मोस्टॅट लागतोच का? मी दिवा स्वतः बंद-चालू करतो.

लागतोच. थर्मोस्टॅट प्रोबने तापमान मोजून दिवा किंवा हीटर आपोआप बंद-चालू किंवा कमी-जास्त करतो. हवामान बदलतं, खिडकी उघडी राहते, आपल्याला झोप लागते. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट किंवा सिरॅमिक हीटर वापरू नये, याबाबत माझं मत अजिबात लवचिक नाही.

प्रकार निवडताना साधनाकडे बघा. प्रकाश देणाऱ्या दिव्यांना डिमिंग थर्मोस्टॅट, तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा हळूहळू कमी-जास्त करतो. सिरॅमिक हीटरला पल्स थर्मोस्टॅट चांगला, तो वीज छोट्या छोट्या टप्प्यांत सोडतो. हीट मॅटला साधा ऑन-ऑफ चालतो. तोच ऑन-ऑफ दिव्याला लावला तर दिवा दिवसभर उघडझाप करतो, प्राणी बिचकतो आणि दिवाही लवकर जातो. मर्क्युरी व्हेपर दिवे (ऊब आणि अतिनील किरण दोन्ही देणारे) मंद करता येत नाहीत. त्यांचं तापमान फक्त अंतर बदलून सांभाळावं लागतं, म्हणून नवशिक्यांनी आणि लहान पेटीवाल्यांनी ते टाळावेत.

आता प्रोबबद्दल. थर्मोस्टॅटला जग फक्त प्रोबच्या टोकाइतकंच कळतं. सापाने रात्री वळवळताना प्रोब ओढून गार कोपऱ्यात नेला, की थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारठली आहे. तो हीटर पूर्ण ताकदीने चालू ठेवतो आणि सकाळपर्यंत उबदार बाजू भट्टी झालेली असते. प्रोबची वायर तुटली तर काही थर्मोस्टॅट स्वतःहून हीटर बंद करतात, पण प्रोब जागचा हलला आहे हे त्यांना कळू शकत नाही. म्हणून प्रोब क्लिपने किंवा केबल टायने पक्का बांधा. चिकटपट्टी पेटीच्या आत नको. ती सुटते आणि सापाच्या खवल्यांना अशी चिकटते की सोडवताना कातडी निघते.

हीटर निवडताना एक विचार जरूर करा: हा पूर्ण ताकदीवर अडकून राहिला तर आतल्या जिवाचं काय होईल? गरजेच्या दुप्पट ताकदीचा हीटर थर्मोस्टॅटच्या भरवशावर लावण्यात काही शहाणपण नाही. गरजेला जेमतेम पुरून थोडा उरेल असा घ्या, आणि थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा वेगळ्या थर्मामीटरने पडताळत राहा.

हीट मॅट एकटी पुरते का?

लेपर्ड गेको आणि काही सापांसाठी ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. पण मॅट हवा फारशी गरम करत नाही, फक्त वर टेकलेलं तापवते. थंड खोलीत एकट्या मॅटवर भागत नाही, वरून ऊब देणारं साधन जोडावं लागतं.

मॅट वापरायचीच तर पेटीच्या तळाच्या एक-तृतीयांश भागाखाली लावा आणि प्रोब पेटीच्या आत, मॅटच्या बरोबर वर, तळाच्या काचेवर बसवा. त्यावर माती-भुशाचा जाड थर नको. थर जाड असला की वर ऊब पोचत नाही आणि खाली काच तापत राहते. प्राणी उकरत खाली गेला, की पोट थेट त्या काचेवर. जड पाण्याचं भांडं किंवा फरशी मॅटवर दाबून ठेवल्यास उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते.

तापणारा कृत्रिम दगड, हीट रॉक, कसा?

घेऊ नका. त्याचा पृष्ठभाग एकसारखा तापत नाही, आणि सरपटणारे प्राणी पोटाला चटका बसत असतानाही जागेवरून हलत नाहीत असं वारंवार दिसतं. पोटावरचे खवले तपकिरी होऊन सोलेपर्यंत मालकाच्या लक्षातही येत नाही. वरून दिवा आणि खाली साधा सपाट दगड, हेच बरं.

रात्री ऊब चालू ठेवायची का?

बहुतेकांना रात्रीचा गारवा हवा असतो. निसर्गातही रात्र गार असते. खोली १८-२० च्या खाली जात नसेल तर निरोगी, प्रौढ बिअर्डेड ड्रॅगन किंवा लेपर्ड गेकोला रात्री काहीच लावावं लागत नाही. बॉल पायथनला मात्र २४ च्या खाली जाऊ देऊ नका. पिल्लं आणि आजारी प्राणी यांना थोडं जास्त सांभाळा. लावायचंच असेल तर उजेड न देणारं साधन लावा: सिरॅमिक हीटर, रेडियंट पॅनेल (छताला लावायची ऊब देणारी सपाट पाटी) किंवा डीप हीट प्रोजेक्टर.

लाल किंवा निळा "नाइट बल्ब" त्यांना दिसत नाही म्हणतात?

दिसतो. सरड्यांना रंगांची चांगली जाण असते. रात्र काळोखी असू द्या.

उष्णतेचा दिवा असला तर यूव्हीबी दिवा वेगळा हवा का?

हो. यूव्हीबी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. साध्या हॅलोजनमधून उपयोगी पडेल इतकं यूव्हीबी येत नाही, आणि यूव्हीबी ट्यूब पुरेशी ऊब देत नाही. दोघांचं काम मात्र एकमेकांत गुंतलेलं आहे. यूव्हीबीमुळे त्वचेत आधी ड-३ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं आणि त्याचं प्रत्यक्ष ड-३ मध्ये रूपांतर उबेने होतं. म्हणून दोन्ही दिवे एकाच जागेवर पडतील असे लावा. ऊब एका टोकाला आणि यूव्हीबी दुसऱ्या टोकाला लावलं तर प्राण्याला दोन्ही एकत्र कधीच मिळत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतं.

मग काचेची पेटीच थोडा वेळ उन्हात ठेवू का?

कधीही नाही. दोन मिनिटंसुद्धा नाही. बंद काचेत ऊन कोंडतं आणि तापमान बघता बघता जीवघेणं होतं. खरं ऊन द्यायचं असेल तर जाळीचा पिंजरा, त्यात निम्मी सावली, पाणी, आणि शेजारी तुम्ही स्वतः.

माझा बिअर्डेड ड्रॅगन दिव्याखाली तोंड उघडून बसतो. गरम होतंय का?

ऊन खाताना थोडा वेळ जबडा उघडा ठेवून निवांत बसणं नेहमीचं आहे, जास्तीची उष्णता ते तशी सोडतात. गार बाजूला जाऊनही तोंड उघडंच असेल, श्वासाला आवाज असेल, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट स्राव असेल, तर तो श्वसनाचा आजार असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

दिवसभराची वागणूक बघत राहिलात तर आणखीही कळतं. सदैव गार कोपऱ्यात चिकटून बसणं, काचेवर सैरभैर धावणं ही पेटी जास्त तापल्याची लक्षणं असू शकतात. तासन्‌तास दिव्याखालून न हलणं, अंग गडद करून पसरणं म्हणजे ऊब कमी पडते आहे. सकाळी गडद होऊन ऊन खाणारा आणि अर्ध्या-पाऊण तासात फिकट होऊन हुंदडायला निघणारा ड्रॅगन दिसला की समजावं, जमलं आहे.

आजारी प्राण्याला जास्त ऊब द्यावी का?

ऊब मिळण्याची सोय जरूर ठेवावी, पण सगळी पेटी तापवून टाकू नये. १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी डेझर्ट इग्वानावर केलेल्या प्रयोगांत दिसलं की जिवाणूंचा संसर्ग झालेले सरडे स्वतःहून जास्त गरम जागा निवडतात, आणि जास्त तापमानात ठेवलेले सरडे अधिक संख्येने वाचतात. म्हणजे आपण ज्याला ताप म्हणतो, तो हे प्राणी चालत जाऊन मिळवतात. अशक्त प्राण्याला दिव्यापर्यंत चढता येत नसेल तर फळी खाली आणा, वाट सोपी करा, रात्रीचं तापमान थोडं वर ठेवा. गार बाजू मात्र शिल्लक राहू द्या. औषधोपचार चालू असताना पशुवैद्य सांगेल ते तापमान पाळा.

आगीचा धोका किती?

खरा आहे, आणि टाळता येण्याजोगा आहे. सिरॅमिक हीटर आणि जास्त वॅटचे दिवे यांना पोर्सेलिनचा होल्डर हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. दिवा नुसत्या चिमट्यावर लटकवू नका. चिमटा घसरतो, दिवा भुशावर पडतो आणि भुसा धुमसायला लागतो. साखळीने किंवा स्क्रूने बांधा. पडदे, कागद, लाकूड यांपासून अंतर ठेवा, होल्डरमधली धूळ पुसत जा. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक दिव्याला आणि हीटरला तारेची जाळी हवी, कारण साप आणि गेको त्याला विळखा घालतात. वायर प्लगकडे येण्याआधी थोडी खाली झोका घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे फवाऱ्याचं पाणी वायरवरून ओघळत सॉकेटमध्ये शिरत नाही. खोलीत धूर ओळखणारा अलार्म लावा.

पाण्यातल्या कासवाच्या हीटरचं काय?

हीटरला प्लॅस्टिकचं आवरण हवंच. मोठी कासवं काचेची नळी आपटून फोडतात. पाणी बदलण्याआधी प्लग काढा आणि नळी निवू द्या. उघडा पडलेला तापलेला हीटर पुन्हा पाण्यात गेला की तडकतो. ऊन खाण्याचा फलाट पूर्ण कोरडा हवा, आणि दिव्याजवळ पाणी उडणार नाही अशी मांडणी हवी.

उन्हाळ्यात खोलीच ३४-३५ होते. तेव्हा?

ऊन खाण्याचा दिवा कमी वेळ, तोही सकाळी लावा. यूव्हीबी चालू राहू द्या. पेटी खोलीतल्या सगळ्यात गार भिंतीशी, जमिनीजवळ हलवा. गार बाजूला ओलसर लपण, मोठं पाण्याचं भांडं आणि वरच्या जाळीवरून पंख्याचा वारा. सरड्या-सापांना आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे थेट अंगावर पंखा सोडून फारसा फायदा नाही. पेटीतली गरम हवा बाहेर पडली पाहिजे.

प्राणी लुळा पडला, तोंड उघडं, हालचाल विस्कटलेली असेल तर त्याला लगेच सावलीत घ्या आणि साध्या, किंचित गार पाण्याने अंग ओलं करा. बर्फ नको. सावरल्यासारखा वाटला तरी पशुवैद्याकडे न्या, आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर उमटते.

वीज गेली तर?

निरोगी प्रौढ प्राणी काही तास सहज निभावून नेतो, घाबरू नका. पेटी सारखी उघडू नका. हवेची वाट मोकळी सोडून भोवती घोंगडी गुंडाळा. कोमट पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. बाजू एकच, म्हणजे नको असेल तेव्हा प्राण्याला लांब जाता येईल. मेणबत्ती किंवा शेगडी जवळ आणू नका. ऊब परत येऊन दिवसभर टिकेपर्यंत खायला देऊ नका.

प्राणी भाजला आहे असं वाटतंय.

गार, पण बर्फाळ नाही अशा पाण्याने भाग काही मिनिटं हळुवार धुवा. तेल, तूप, हळद, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. तळाची माती-भुसा काढून स्वच्छ कागद अंथरा आणि पशुवैद्याकडे न्या. जखम किती खोल आहे हे सरपटणाऱ्या प्राण्यांत बरेच दिवस नीट कळत नाही, म्हणून "लहानच आहे" म्हणत थांबू नका. चटका कशाचा बसला ते शोधून, तो हीटर बंद केल्याशिवाय प्राणी पेटीत परत ठेवू नका.

नवा प्राणी येणार आहे. पेटी किती आधी चालू करावी?

किमान आठवडाभर आधी, रिकामी. पहाटे, दुपारी आणि रात्री दोन्ही टोकांचं तापमान लिहून ठेवा. दिवा एक वीत वर-खाली करून काय फरक पडतो ते बघा. प्रोब मुद्दाम ओढून पाहा, सुटतो का. आठवडाभर आकडे जागेवर राहिले, मगच प्राणी घरी आणा.